काँक्रिटचा दाब आणि घाईचा हिशेब

बांधकामावर शटरिंग फुटले की चौकशी ठरलेल्या वाटेने जाते. प्लाय जुना होता का? साच्याच्या दोन बाजू एकमेकींना बांधणारे टाय रॉड कमी पडले का? टेकू नीट बसवले होते का? सुतार पाचर ठोकायला विसरला का? प्रश्न रास्त आहेत, पण सगळे साच्याविषयीचे आहेत. साच्याच्या आत काय चढत होते, ते तासाला किती चढत होते आणि तो वेग कोणी ठरवला, हे बहुधा विचारले जात नाही. कारण मनात एक समजूत पक्की बसलेली असते: काँक्रिट हा जड माल, त्याचे वजन ठरलेले, म्हणून त्याचा दाबही ठरलेला, साचा तेवढा भक्कम करा, काम झाले. स्वतःहून पसरणारे, व्हायब्रेटर न लागणारे वाहते काँक्रिट आल्यापासून याच समजुतीची दुसरी आवृत्ती ऐकू येते. हे काँक्रिट पाण्यासारखे, तेव्हा पाण्याचा दाब धरा आणि विषय संपवा.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात. माझे म्हणणे असे आहे की ताज्या काँक्रिटचा शटरिंगवरचा बाजूचा दाब हा त्या काँक्रिटचा अंगभूत गुण नाही. तो एका शर्यतीचा निकाल आहे. एकीकडे साच्यात माल चढण्याचा वेग, दुसरीकडे आधी पडलेल्या मालाने स्वतःचे वजन स्वतः पेलू लागण्याचा वेग. दुसरा वेग सिमेंट, रसायने आणि तापमान ठरवतात. पहिला मात्र सर्वस्वी माणूस ठरवतो. म्हणून शटरिंगवरचा दाब हा पदार्थविज्ञानाइतकाच निर्णयाचा विषय आहे, आणि वाहत्या काँक्रिटने तो निर्णय सोपा केलेला नाही, उलट अवघड केला आहे. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. वजन खाली, दाब बाजूला

साधे काँक्रिट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. ते पूर्ण द्रव आहे असे क्षणभर धरू. ३ मीटर उंच भिंतीच्या तळाशी त्याचा बाजूचा दाब चौरस मीटरला ७.२ टन होतो. वर तो शून्य आणि खाली ७.२, म्हणून भिंतीच्या दर मीटर लांबीवर साच्याची एक बाजू बाहेर ढकलणारा एकूण जोर १०.८ टन. उंची दुप्पट, म्हणजे ६ मीटर केली तर तळाचा दाब दुप्पट होतो, १४.४ टन, पण एकूण जोर चौपट होतो, ४३.२ टन. उंचीचा हा वर्ग अनुभवी माणसालाही चकवतो. ३ मीटरच्या भिंती वर्षानुवर्षे सुखरूप भरलेला मुकादम ६ मीटरच्या भिंतीकडे ‘दोन मजल्यांचे काम’ म्हणून पाहतो. साच्याच्या दृष्टीने ते चार मजल्यांचे असते.

दुसरा चकवा जाडीचा. जाड भिंतीत माल जास्त, म्हणून दाब जास्त, असे सहज वाटते. फ्लेमिश गणिती सिमॉन स्टेव्हिन याने १५८६ साली पाण्याच्या वजनावरच्या ग्रंथात दाखवून दिले की द्रवाचा दाब खोलीवर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. १५० मिलिमीटरची शिअर वॉल आणि दीड मीटर जाडीचा पुलाचा खांब, दोन्ही द्रव काँक्रिटने सारख्याच उंचीपर्यंत भरले तर तळाशी दाब तेवढाच. बारीक कॉलमच्या साच्याला ‘यात माल तो केवढा’ म्हणून कमी क्लॅम्प लावणारे या चारशे वर्षे जुन्या गोष्टीशी वाद घालत असतात.

द्रव दाब पृष्ठभागाला काटकोनात लागतो, हेही विसरले जाते. साचा तिरका असेल आणि माल त्याच्या पोटाखाली असेल, तर तो साच्याला वर उचलतो. भिंतीत खिडकीसाठी ठेवलेली पेटी, स्लॅब हलका करायला घातलेले पोकळ ठोकळे हे नीट बांधले नाहीत तर तरंगून वर येतात. शटरिंग खाली दाबले जाते एवढाच हिशेब केलेल्या माणसाला हे पाहून आश्चर्य वाटते.

२. धान्य आणि पाणी यांच्या मधला पदार्थ

आता ‘पूर्ण द्रव’ हे गृहीतक तपासू. १८९५ साली यान्सेन या जर्मन अभियंत्याने धान्याच्या उंच कोठारांतला दाब मोजला आणि त्याचे समीकरण मांडले. धान्य कितीही उंच भरा, तळाचा दाब एका मर्यादेपुढे वाढतच नाही. दाणे कोठाराच्या भिंतीशी घासतात, आपल्या वजनाचा मोठा भाग घर्षणाने भिंतीवर टाकतात आणि खालच्यांना मोकळे करतात. पाण्याला हे जमत नाही, कारण स्थिर पाणी भिंतीला आडवे ढकलते, तिला धरून लटकत नाही.

ताजे काँक्रिट या दोहोंमध्ये कुठेतरी असते, आणि विशेष म्हणजे एका जागी थांबत नाही. ओतताना ते पाण्याच्या जवळ असते. काही वेळाने त्यातल्या कणांचा सांगाडा तयार होऊ लागतो, ते साच्याच्या पृष्ठभागाला आणि सळयांना धरू लागते आणि धान्याच्या बाजूला सरकते. मग त्याला वरचे वजन खालच्या थरांपर्यंत पूर्णपणे पोहोचवता येत नाही. शेवटी ते दगडाकडे जाते आणि साच्यावरचा दाब जवळपास नाहीसा होतो. काही तासांत एकच पदार्थ तीन प्रकारे वागतो. ‘काँक्रिटचा दाब किती?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. किती वाजता, किती वेगाने भरताना, किती अंश तापमानात, एवढे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

जाडीचा चकवा इथे उलटा फिरतो, हे पाहण्यासारखे आहे. काँक्रिट भिंतीला धरू लागले की अरुंद साच्यात घर्षणाचा वाटा मोठा असतो, रुंद साच्यात लहान. म्हणजे या अवस्थेत बारीक भिंतीवर दाब खरोखरच कमी पडतो. सुताराचा अंदाज मुळात चुकीचा होता असे नाही. तो चुकीच्या वेळेला लावला जात होता.

३. जुने सूत्र आणि त्याची बारीक अक्षरे

दाब वेगावर आणि तापमानावर ठरतो हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. १९५२ साली रोडिन यांनी इंग्लंडमध्ये या विषयावर निबंध लिहिला. पुढे ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांनी आपापली सूत्रे केली. अमेरिकन काँक्रिट इन्स्टिट्यूटचे सूत्र आपल्याकडच्या डिझाइन ऑफिसांतही सर्रास वापरतात. त्यात माल चढण्याचा तासाचा वेग आणि मालाचे तापमान घातले की दाब मिळतो.

वेग तासाला २ मीटर आणि तापमान ३० अंश धरा. दाब येतो चौरस मीटरला सुमारे ४ टन. तोच वेग, तोच माल, तापमान १० अंश. दाब साडेसहा टनांच्या घरात जातो. थंडीने दाब दीडपटीहून अधिक केला, कारण थंडीत सिमेंटची अभिक्रिया मंदावते आणि खालचा माल उशिरा सावरतो. उन्हाळ्यात जमलेले वेळापत्रक डिसेंबरच्या पहाटे तसेच चालवणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. माल तसाच दिसतो, पंप तसाच चालतो.

पण या सूत्राला अटी आहेत. स्लंप, म्हणजे शंकूचा साचा काढल्यावर माल जेवढा खचतो ते माप, १७५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. व्हायब्रेटर साधारण १.२ मीटरपेक्षा खोल जाऊ नये. या अटींना कारण आहे. घट्टसर काँक्रिट व्हायब्रेटरच्या आसपास तेवढ्यापुरते द्रव होते. सुई वर काढली की पुन्हा घट्ट. म्हणजे साच्यात कोणत्याही क्षणी वरचा मीटरभर माल तेवढा पाण्यासारखा, खालचा सावरलेला. वाहत्या काँक्रिटची गोष्ट निराळी. त्याचा स्लंप मोजतच नाहीत, ते फरशीवर किती पसरते ते मोजतात: युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ५५० ते ८५० मिलिमीटर. ते स्वतःच्या वजनाखाली वाहते, तेव्हा सगळी उंची एकाच वेळी द्रव असू शकते. म्हणून तीच अमेरिकन संस्था सांगते की अशा काँक्रिटला, मोजमापाचा आधार नसेल तर, पूर्ण द्रवाचा दाब धरा. सूत्र जुने आणि माल नवा, हा मेळ घालणाऱ्याने आपण अटींच्या बाहेर गेलो आहोत हे निदान मान्य करावे.

४. थांबले की घट्ट होणारा माल

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग दुसरे मत बरोबरच की. वाहते काँक्रिट म्हणजे पाणी. नाही. चांगले वाहते काँक्रिट हलते आहे तोवरच वाहते. थांबले की सिमेंटचे कण एकमेकांना धरू लागतात आणि मिनिटामिनिटाला त्याचा प्रतिकार वाढतो. ढवळले की पुन्हा सैल पडते. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. सिमेंट जमण्याची ही प्रक्रिया नव्हे. जमायला अजून तास असतात. ही त्याआधीची, उलटवता येणारी घट्ट होण्याची क्रिया.

फ्रान्समध्ये ओव्हारलेझ आणि रुसेल यांनी २००६ साली या गुणावरून दाब काढण्याचे एक सोपे समीकरण दिले. त्यातला विचार यान्सेनच्या धान्यासारखाच आहे, फक्त घर्षण वेळेबरोबर वाढते. त्या समीकरणाने मी एक भिंत मांडून पाहिली: उंची ६ मीटर, जाडी २०० मिलिमीटर, लांबी १० मीटर, आणि थांबल्यावर घट्ट होण्याचा दर मध्यम. आकडे कागदावरचे आहेत, पण दिशा स्पष्ट करतात. ताशी २ मीटर वेगाने भरली तर तळाचा दाब १४.४ टनांऐवजी सुमारे ७.८ टन, म्हणजे पूर्ण द्रवाच्या ५४ टक्के. ताशी १८ मीटर वेगाने भरली तर सुमारे १३.७ टन, म्हणजे ९५ टक्के. माल तोच, भिंत तीच, सुतार तोच. जाडी ६०० मिलिमीटर केली तर ताशी २ मीटरच्या शांत वेगातही दाब ८५ टक्क्यांवर जातो.

ताशी १८ मीटर हा आकडा मी दाब फुगवून दाखवायला घेतलेला नाही. या भिंतीत १२ घनमीटर माल जातो. ६ घनमीटरच्या दोन ट्रान्झिट मिक्सर गाड्या. तासाला ३६ घनमीटर टाकणारा पंप ही मामुली गोष्ट आहे. तो ही भिंत २० मिनिटांत भरतो. एक गाडी रिकामी झाली की दहा मिनिटांत ३ मीटर उंची. याउलट ताशी २ मीटर ठेवायचे तर एका गाडीला दीड तास लागतो, आणि गाडीतला माल साधारण दोन तासांत उतरवायचा असतो. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर त्यातला किती वेळ आधीच संपलेला असतो, हे वाचकाला सांगायला नको.

आता साखळी पाहा. रस्त्यावर गाडी अडकणार, म्हणून प्लँटवर रिटार्डरचा डोस वाढवतात. रिटार्डरने माल उशिरा सावरतो. उशिरा पोहोचलेल्या गाड्या रांगेने उभ्या राहतात, म्हणून पंप जोरात चालतो. म्हणजे शर्यतीतल्या एका गड्याचे पाय बांधले आणि दुसऱ्याला चाबूक मारला. द्रुतगती मार्गावरच्या कोंडीचा हिशेब शेवटी भिंतीच्या तळाच्या टाय रॉडवर जाऊन चुकता होतो, आणि त्या रॉडचे डिझाइन करणाऱ्याला त्या कोंडीची वार्ता नसते.

जुन्या पद्धतीत हा प्रश्न उठत नव्हता, कारण घमेल्यांची रांग हाच वेगाचा लगाम होता. डोक्यावरून, हातोहात येणाऱ्या मालाने ४५० मिलिमीटर चौरस, ३ मीटर उंच कॉलम भरायला बराच वेळ जायचा. त्या वेळात खालचा माल सावरायचा. पंपाला तो कॉलम जेमतेम एक मिनिटाचा. त्या रांगेत भरलेले श्रम अमानुष होते, ते गेले हे चांगलेच झाले. पण रांगेबरोबर एक सुरक्षाव्यवस्थाही गेली. ती सुरक्षाव्यवस्था होती हेच कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून तिच्या जागी दुसरी कोणी ठेवली नाही.

५. श्रम गेले कुठे?

वाहत्या काँक्रिटचा जन्म जपानचा. १९८६ साली टोकियो विद्यापीठातल्या हाजिमे ओकामुरा यांनी ही कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये पहिला नमुना तयार झाला. प्रेरणा टिकाऊपणाची होती. जपानी बांधकामात कुशल कामगार कमी होत चालले होते, काँक्रिट नीट दाबले जात नव्हते, इमारती लवकर बिघडत होत्या. माणसाच्या कौशल्यावर अवलंबून न राहता साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत आपोआप पोहोचणारे काँक्रिट हवे होते. ते मिळाले. १९९८ साली खुल्या झालेल्या आकाशी-काइक्यो या झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांच्या महाकाय अँकरेजांसाठी ते वापरले आणि त्या कामाची मुदत अडीच वर्षांवरून दोनवर आली. ओसाका गॅसच्या एका द्रवरूप वायूच्या टाकीच्या कामावर काँक्रिटची माणसे १५० वरून ५० वर आली.

हे आकडे नेहमी यश म्हणून सांगतात, आणि ते यश आहेच. पण ‘कौशल्याची गरज उरली नाही’ असा त्याचा जो अर्थ लावला जातो तो चूक आहे. व्हायब्रेटर धरणाऱ्याला कुठे सुई घालायची, किती सेकंद ठेवायची, कधी काढायची हे कळावे लागे. ती गरज संपली. तिच्या जागी शटरिंग सुताराला जास्त जोर पेलणारा, सिमेंटचे दूध गळणार नाही असा साचा बांधावा लागतो. सांधा किंचित उघडला तरी हे काँक्रिट तिथून वाट काढते. प्लँटवरच्या तंत्रज्ञाला पाण्याचा लिटरभर फरक सांभाळावा लागतो. पंपावरच्या माणसाला वेग राखावा लागतो. मुंबईत आणि उपनगरांत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच भरणारे टॉवर उभे राहतात, तिथे भिंत बारीक, सळ्या दाट आणि माल पातळ असतो. तिथला पिन आणि पाचर लावणारा मुलगा हा खरे तर त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा कारागीर. त्याला रोजावर घेताना हेल्पर म्हणून घेतात.

आपली चाचणीपद्धतीही याच एकांगी कौतुकातून आली आहे. गेटवर गाडी आली की स्लंप फ्लो पाहतात. मोठ्या कामावर व्ही-फनेल आणि एल-बॉक्सही. या तिन्ही चाचण्या एकच विचारतात: माल किती छान वाहतो? तो थांबल्यावर किती लवकर उभा राहतो, हे त्यांतली एकही विचारत नाही. हे मोजता येते. कॅनडात कमाल खयात यांच्या गटाने जागेवर नेता येतील अशा साध्या पद्धती दाखवल्या आहेत: मालात रोवून फिरवायचे पाते, किंवा हळूहळू कलता करायचा पृष्ठभाग. साधने महाग नाहीत. प्रश्नच विचारायचा नसेल तर साधनाचा उपयोग काय?

६. आक्षेप

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: एवढी चर्चा कशाला? पूर्ण द्रवाचा दाब धरून साचा बांधा, वेग कितीही असो. मजलाभर उंचीच्या, ३ मीटरच्या भिंतीपुरता हा सल्ला योग्य आहे. मीही तोच देईन. पण त्याला दोन मर्यादा आहेत. उंची वाढली की तो परवडत नाही, आणि परवडला नाही की गुपचूप मोडला जातो. नेहमीचा १५ मिलिमीटरचा टाय रॉड साधारण ९ टन सुरक्षितपणे पेलतो. मीटर-मीटर अंतरावर लावला तर ३ मीटर उंचीच्या भिंतीत तळाच्या रॉडवर ७.२ टन येतात, चालते. त्याच अंतराने ६ मीटरच्या भिंतीत १४.४ टन येतात. तिथे अंतर कमी करायला हवे, पण सवयीचे अंतर हातात बसलेले असते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ‘पूर्ण द्रव’ ही कमाल मर्यादा नव्हे. साच्याच्या तळाशी वाल्व्ह लावून काँक्रिट खालून वर चढवण्याची पद्धत आहे. त्यात मालाच्या वजनाशिवाय पंपाचा जोरही साच्यावर येतो. मधेच पंप थांबला, खालचा माल घट्ट झाला आणि पुन्हा सुरू केला, तर तो घट्ट माल ढकलायला लागणारा जादा जोरही त्याच साच्यावर. ‘पाणी धरले आहे’ हे वाक्य तिथे खोटा धीर देते.

दुसरा आक्षेप रसायनवाल्यांचा. थांबताच पटकन घट्ट होणारे मिश्रण वापरा, दाब आपोआप कमी होईल. होईल, पण फुकट नाही. एक थर टाकून दुसरा यायला उशीर झाला आणि तोवर पहिला घट्ट झाला, तर वरचा माल त्यात मिसळत नाही, वरून घसरत जातो. साचा काढल्यावर भिंतीवर आडवी रेघ दिसते. ती रेघ नुसती दिसायला वाईट नाही, तिथे जोड कमकुवत आणि पाण्याला वाट असते. दाब कमी करणारा गुण तोच, जोड बिघडवणारा गुणही तोच. शिवाय हा घट्टपणा ढवळल्यावर सुटतो. कोणी जुन्या सवयीने पोकर, म्हणजे व्हायब्रेटरची सुई, आत खोल घातला, तर सावरलेला माल पुन्हा द्रव होतो आणि कमी धरलेला दाब क्षणात पूर्ण होतो. ज्या साइटवर ‘थोडा मारून घे रे’ हा शब्द अजून ऐकू येतो, तिथे थिक्सोट्रॉपीवर विसंबून टाय रॉड कमी करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

तिसरा: आता साच्याला सेन्सर लावता येतात, दाब पडद्यावर दिसतो. उत्तम. लावा. पण सेन्सर दाब दाखवतो, पंप थांबवत नाही. आकडा वाढताना पाहून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि रांगेत उभ्या चार गाड्यांचे भाडे कोणाच्या खात्यावर जाणार, हे आधी ठरलेले नसेल तर पडदा हा केवळ साक्षीदार.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: अपघात होतात ते कुजक्या प्लायने आणि हलगर्जीने, शर्यत, थिक्सोट्रॉपी या पुस्तकी गोष्टी. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो कारणांची साखळी मधेच तोडतो. कमकुवत साचा हा किती भाराला कमकुवत, हे भारावाचून ठरत नाही. हाच सांधा ताशी २ मीटरला टिकतो आणि १८ मीटरला उघडतो, तर दोष फक्त सांध्याचा कसा? सांधा तपासायचा आणि वेग मोकळा सोडायचा, ही तपासणी नव्हे.

इथे एका परदेशी दुर्घटनेचा दाखला देतो. तिथे प्रश्न बाजूच्या दाबाचा नव्हता, पण घाईचा नक्की होता. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे बांधकाम चालू असलेल्या कूलिंग टॉवरवरून शटरिंग आणि मचाण खाली आले आणि ५१ कामगार गेले. मचाण टॉवरच्याच, आदल्या दिवशी भरलेल्या काँक्रिटला धरून उभे होते. थंडीमुळे ते काँक्रिट पुरेसे पक्के झालेले नव्हते. सरकारी संस्थेच्या तपासात हेच कारण पुढे आले. रोज एक थर हे वेळापत्रक माणसांनी केले होते. काँक्रिट त्याला बांधील नव्हते.

७. मग करायचे काय

उत्तर यंत्रांत कमी आणि कागदावर जास्त आहे. डिझाइन ऑफिसातून येणाऱ्या शटरिंगच्या नकाशावर प्लायची जाडी, रॉडचे अंतर, टेकूचा आकार सगळे असते; ज्या वेगावर आणि ज्या तापमानावर ते बेतले आहे ते मात्र फार क्वचित असते. त्या दोन आकड्यांशिवाय नकाशा अपुरा समजावा आणि परत पाठवावा. वेग जागेवर मोजणे अवघड नाही: साच्याच्या आतल्या बाजूला खडूने अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खुणा आणि एका माणसाच्या हातात वेळ पाहण्याचे काम. गाड्यांची मागणी त्या वेगावरून ठरवावी. गाड्या आल्या म्हणून वेग ठरू नये. प्लँटने रिटार्डर बदलला तर ते चलनावर लिहून यावे आणि तो आकडा शटरिंगच्या अभियंत्यापर्यंत पोहोचावा. आज तो क्वालिटीच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. पोकर वापरायचा नाही असे ठरले असेल तर तो साच्याजवळ ठेवूच नये. उंच भिंती शक्य तिथे दोन टप्प्यांत भराव्यात. आणि अधूनमधून सुताराला विचारावे की कुठला सांधा ‘बोलतो’ आहे. साच्याला पोट सुटायच्या आधी तो कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकण्यात त्याचा कान आपल्या सगळ्यांपेक्षा तयार असतो.

हे सगळे करायला पैसा लागतो तो मुख्यतः थांबण्याचा. मोठ्या कामाच्या करारात गाड्या ताटकळण्याचा खर्च कोण सोसणार हे कलम घातले, तर निम्मा प्रश्न सुटेल असे माझे मत आहे. ते कलम नसते म्हणून ‘थांबा’ म्हणणारा माणूस दरवेळी स्वतःच्या खिशाला धरून बोलतो.

जे वाचक बांधकामात आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या भिंतीचे पोअर कार्ड, म्हणजे काँक्रिट भरण्याच्या परवानगीचा कागद, सही करायला समोर येईल तेव्हा त्यात भरण्याच्या वेगाचा रकाना आहे का, ते पाहा. नसेल तर पेनाने आखा, त्यात आकडा लिहा, आणि त्याखाली पंप थांबवण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाचे नाव लिहा. त्यानंतरच सही करा.